पहिली पाळी माझी

सहामाहीच्या गणिताचा पेपर मुलीने गादीखाली लपवला होता. चादर बदलताना सापडला. चाळीसपैकी ९. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “अम्मी, मला नाही जमत गणित. मी तुझ्यावर गेलेय.”

बोचलं, कारण वाक्य माझंच होतं. दहावीत मी गणितात राहिले, पुन्हा बसले नाही. नंतर पाहुण्यांसमोर हसत हसत हेच सांगत आले. मूल ऐकत असतं, हे कुणाच्या लक्षात राहतं?

शिकवणी परवडण्यासारखी नव्हती. रात्री जेवणं उरकल्यावर जुन्या वहीचं कोरं पान घेतलं आणि मामूंनी शिकवलेला खेळ मांडला. १ पासून आळीपाळीने आकडे लिहायचे. आपल्या पाळीला एक किंवा दोनच आकडे. जो २० लिहील तो जिंकला. मामू मला नेहमी हरवायचे. का, ते मला कधी कळलं नाही.

दोन रात्री कधी ती जिंकली, कधी मी. तिसऱ्या रात्री ती थांबली. “अम्मी, तू १७ लिहिलंस की मी गेलेच. मी १८ लिहिलं तर तू १९, २० लिहिणार. मी दोन लिहिले तरी २० तुझंच.” मग पेन्सिल चावत ती उलटी मागे गेली: १७ साठी १४, १४ साठी ११, मग ८, ५, २. म्हणजे पहिली पाळी घ्यायची, १, २ लिहायचं आणि पुढे दर वेळी तिनाची बेरीज जुळवायची. त्यानंतर मी एकदाही जिंकले नाही. २० ऐवजी २१ केले, तर बाईसाहेब म्हणाल्या, “आता तू पहिली खेळ.” २१ ला तीनने भाग जातो, हे तिने मला समजावलं!

शाळेचं तोंड न पाहिलेल्या दादींसाठी आकड्यांशिवायचा खेळ शोधला. केंब्रिजच्या कॉनवे आणि पॅटर्सन या दोघा गणितज्ञांनी तो १९६७ साली काढला. कागदावर दोन ठिपके द्यायचे. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत, किंवा फिरून त्याच ठिपक्याशी, रेघ काढायची आणि त्या रेघेवर एक नवा ठिपका द्यायचा. रेघ रेघेला छेदता कामा नये. एका ठिपक्याला रेघांची तीनच टोकं. ज्याला रेघ काढता येणार नाही तो हरला. दोन ठिपक्यांचा डाव पाच रेघांच्या पुढे जातच नाही. दादींनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या. रेघ कुठून वळवली की समोरच्याची वाट बंद होते, हे त्यांना आमच्याआधी दिसतं. नात चिडते, त्या पदराआड हसतात.

पुढच्या चाचणीत वीसपैकी ११ मिळाले. पेपर या वेळी टीव्हीवर ठेवलेला होता.

ईदला मामू आले होते. मुलीने वही काढली. मामू सवयीने म्हणाले, “मी मोठा, पहिली पाळी माझी.”

“घ्या ना मामू,” ती म्हणाली, “पण आज २१ पर्यंत.”