शिकारीचा परवाना आणि डॉक्टरांची सही

आजचा विषय जरा वेगळा आहे. शिकार! डॉक्टरांचा शिकारीशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात काही जणांना शिकारीला जाण्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. माझा एमडीचा वर्गमित्र तिथे प्रॅक्टिस करतो. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मी त्याच्याकडे गेलो होतो. 15 नोव्हेंबरला तिथे बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि लोक त्या दिवसाची सणासारखी वाट पाहतात.

मित्राचे शेजारी साठीचे गृहस्थ, व्हीलचेअरवर. बारा वर्षांपूर्वी झाडावर बांधलेल्या मचाणावरून पडले, पाठीचा मणका मोडला, कमरेखालची ताकद आणि संवेदना दोन्ही गेली. मचाणावरून पडणं हे तिथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे. हे गृहस्थ मात्र त्या आठवड्यातही शिकारीचीच तयारी करत होते.

एरवी गाडीत बसून शिकार करायला तिथे मनाई आहे. पण ज्याला अपघातामुळे किंवा आजारामुळे कायमचं चालता येत नाही, त्याला उभ्या गाडीतून शिकार करण्याचा खास परवाना मिळतो. चालत्या गाडीतून नाही. बाकी शिकारीचा परवाना इतरांसारखाच लागतो. धनुष्य ओढता येत नसेल तर क्रॉसबो वापरण्याची सोय कायद्यात आहे. क्रॉसबो म्हणजे दोरी आधीच ताणून अडकवून ठेवता येते असं, बंदुकीसारखं धरायचं धनुष्य. त्यासाठीची एक चाचणी मला फार आवडली. 35 पौंडांचा, म्हणजे साधारण 16 किलोंचा ताण ओढून चार सेकंद धरता येतो का, एवढंच बघायचं! दृष्टी जवळजवळ गेलेल्या माणसालाही लेझरचा ठिपका दाखवणारी बंदूक वापरता येते, मात्र सोबत डोळस साथीदार हवा.

साधनंही तशीच. रणगाड्यासारखे पट्टे असलेली, चिखलातून आणि बर्फातून जाणारी व्हीलचेअर. हात थरथरत असतील तर बंदूक टेकवायला स्टँड. आणि हातपाय दोन्ही हलत नसतील, तर तोंडातल्या नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून चाप दाबणारं यंत्र.

खरं सांगतो, शिकार मला स्वतःला रुचत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंदच आहे आणि ते योग्यच आहे. तिथे हरणं भरपूर आहेत, किती मारायची यावर मर्यादा असते आणि ते मांस घरी खाल्लं जातं. तो वाद इथे नको. माझं लक्ष वेधलं ते डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नाने. या माणसाला काय करायचं आहे, आणि त्यातलं नेमकं काय त्याला जमत नाही?

आपल्याकडच्या दिव्यांग प्रमाणपत्रात टक्के असतात. 2016 च्या कायद्यानुसार बऱ्याच सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. टक्केवारी हवीच, तिच्याशिवाय कुणाला काय द्यायचं हे ठरवणं कठीण. पण त्या आकड्यावरून माणसाची सकाळ-संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही.

माझा एक रुग्ण आंबे उतरवताना झाडावरून पडला. त्याचेही पाय गेले. प्रमाणपत्र झालं, व्हीलचेअर आली, आणि तो पडवीत बसून राहिला. मिशिगनहून आल्यावर मी त्याला विचारलं, "दादा, पडण्याआधी संध्याकाळी काय करायचात?" तो म्हणाला, "खाडीवर गरवायला जायचो, डॉक्टर." बायको म्हणाली, "आता कसलं गरवणं! पाण्यात पडले म्हणजे?" तिची भीती खोटी नव्हती.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. खडकावर नाही, सपाट धक्क्यावर जायचं. काठापासून मागे थांबायचं, दोन्ही ब्रेक लावायचे, चाकांना दगडाची अडण लावायची, अंगात लाइफ जॅकेट घालायचं आणि पुतण्या सोबत हवाच.

वैद्यकीय काळजी मात्र शिकार असो की गरवणं, सारखीच. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांनी आणि घरच्यांनी हे लक्षात ठेवा:

– दर 15 ते 30 मिनिटांनी हातावर जोर देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून बुडावरचा भार हलका करा. दुखणं जाणवत नाही, म्हणून जखम कळत नाही. घरी आल्यावर त्वचा बघा, लाली दिसली आणि ती टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवा.
– थंडी आणि ऊन दोन्हींपासून जपा. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही की कुडकुडता येत नाही. बधिर पायांजवळ शेगडी ठेवू नका.
– निघण्यापूर्वी लघवीची पिशवी रिकामी करा, नळीला पीळ नाही ना ते बघा. इजा छातीच्या मध्याच्या वर असेल तर तुंबलेल्या लघवीने रक्तदाब एकदम चढू शकतो. अचानक जोराचं डोकं दुखलं, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर ताठ बसवा, नळी तपासा आणि लगेच दवाखाना गाठा.

माझा रुग्ण आता आठवड्यातून दोनदा धक्क्यावर जातो. मासा प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही. पण तो स्वतःहून उशी मागतो, त्वचा तपासायला सांगतो. पूर्वी हे सगळं बायकोला मागे लागून करावं लागे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर पुढच्या भेटीत रिपोर्टच्या फाइलबरोबर एक गोष्ट कागदावर लिहून आणा, त्यांना काय करावंसं वाटतं. शेतावर जाणं, देवळाची पायरी चढणं, हाताने चालवायची गाडी शिकणं, काहीही. सगळं जमेल असं नाही. पण त्यातलं नेमकं काय अडतंय ते कळलं, की डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि घरचे मिळून पुष्कळदा वाट काढता येते.