मुक्तीच्या दाखल्यास अनावृत पत्र

संतपूर, ता. औराद, जि. बीदर

प्रिय मुक्तीच्या दाखल्या,

मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो, नवरा-बायकोचा एक कोयता धरतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी सीमा ओलांडून महाराष्ट्रात उसाच्या फडावर जाते. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे, हे मला कळतं. पण हंगाम सरला तरी हिशेब फिटत नाही, आजारी बाईला गावी जाऊ देत नाहीत, जायचं म्हटलं की आधी पैसे मोज म्हणतात, तिथं वेठच असते.

1976 च्या कायद्यानं वेठीचं कर्ज रद्द केलं. मजुरानं कर्ज वेठीचं म्हटलं, तर ते तसं नाही हे सावकारानं सिद्ध करायचं. असं कर्ज वसूल करणं हा गुन्हा आहे. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा वेठच ठरवली. एवढं सगळं मजुराच्या बाजूनं आहे, पण ते त्याच्या हाती येतं तुझ्या, म्हणजे वेठीतून सुटल्याच्या सरकारी कागदाच्या, रूपानं. तू नसलास तर सुटून आलेलं कुटुंब म्हणजे पळून आलेली टोळी, आणि मुकादम वसुलीला दारात हजर.

म्हणून सुटकेची बातमी वाचली की मी आधी तुझी चौकशी करतो. मजुरांना गाडीत बसवून गावी पोचवलं, एवढ्यानं त्यांची सुटका होत नाही.

वेठीतून सुटलेल्या मजुराला केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30 हजारांपर्यंत आहे. पुढं पुरुषाला 1 लाख, स्त्री आणि मुलांना 2 लाख, लैंगिक शोषण किंवा मानवी तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकरणात 3 लाख. पण ही मोठी रक्कम वेठ न्यायालयात सिद्ध होण्यावर अडते. खटला चालेपर्यंत घरात काय शिजणार? पुढची उचल घेण्याखेरीज सुटून आलेल्या बाईपुढं दुसरी वाट उरत नाही. मला याचा फार राग येतो.

तुझ्यावर सही करणाऱ्या साहेबांना माझं मागणं आहे. मजूर जिथं सापडतील तिथंच, त्यांना गाडीत बसवण्याआधी दाखला द्या. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा द्या, बायकोचं नाव नवऱ्याच्या कागदात कोंबू नका, कारण 2 लाखांचा हक्क तिचा आहे. आणि महाराष्ट्रातून निघालेला दाखला औरादच्या कचेरीत अडू नये, म्हणून तो मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहा.

तुझी वाट पाहणारा,
संतपूरचा एक रहिवासी