लाडाई माहेरी होती

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. ज्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं त्यांनी दोन्ही शोधून पाहिलं असणार, त्याशिवाय ‘शोधू नये’ असं सुचत नाही. त्यांच्या हाती काय लागलं, आणि ते सांगायचं सोडून त्यांनी आपल्या हातावर नुसती म्हण का ठेवली, हे सध्या माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्हा पंढरपूरकरांना वाटतं, नदीचं मूळ तर आपल्याला ठाऊकच आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि आमच्या गावाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते. पण हे झालं शाळेतलं उत्तर. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते, म्हणजे देहू-आळंदीचं पाणी आधीच तिच्यात आलेलं असतं. पुढे मुळा-मुठा येते. मग उजनीचं धरण, आणि धरणाच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा, ती भोरच्या डोंगरातली. पुंडलिकाच्या देवळाला जे पाणी लागतं ते यातलं नेमकं कुठलं? प्रत्येक संगमावर एकीचं नाव पुढे जातं आणि दुसरीचं तिथेच थांबतं. आमच्या घरात लग्न होऊन आलेल्या बायकांचंही तसंच झालं. पणजीचं सासरचं नाव सगळ्यांना पाठ आहे. माहेरचं नाव सांगणारं आज कुणी उरलेलं नाही. तिच्या माहेरचं गाव तरी सांगोल्याकडचं की मंगळवेढ्याकडचं, यावर घरात दोन मतं आहेत. म्हणजे म्हण मनाई करत नसेलही. मूळ एक नसतं, एवढंच तिला म्हणायचं असेल.

पण आमच्या गावाचा मोठा भाग ही म्हण मोडूनच जगला. क्षेत्रोपाध्यांच्या लांबट चोपड्या मी जवळून पाहिल्या आहेत. लाल कापडात बांधलेलं दप्तर, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, वरची पानं मोडीत, खालची बाळबोध. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगायचं, की उपाध्ये बोट फिरवत त्या घराण्याच्या नावांवर येतात: तुमचे आजोबा अमक्या साली आले होते, बरोबर दोन भाऊ होते. शेतकरी माणूस आजोबांच्या नावावर हात ठेवून गप्प बसतो, ते पाहिलं की कूळ शोधू नये असं म्हणायची हिंमत होत नाही. हरिद्वारच्या अशाच वह्यांच्या मायक्रोफिल्म थेट अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने करून ठेवल्या आहेत. मी पाहिलेल्या पानांवर मात्र बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बायका ‘सहकुटुंब’ या एका शब्दात आलेल्या.

विठ्ठलाच्या देवळातच याच्या उलटंही घडलेलं आहे. चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणजे शके ११९५ ते ११९९, इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवाला दान देणाऱ्यांची यादी. रामदेवराव यादव आणि हेमाडपंत यांच्याबरोबर साध्या माणसांचीही नावं त्यात आहेत. आपलं नाव राहावं म्हणूनच त्यांनी ते दगडावर घातलं असणार. पुढे लोकांनी मानलं, की या दगडाला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या गेल्या आणि अक्षरं झिजली. अभ्यासकांनी वाचून छापली म्हणून ती आज पुस्तकात आहेत. ज्यांना नाव ठेवायचं होतं त्यांची नावं, ज्यांना जन्मातूनच सुटायचं होतं त्यांच्या पाठींनी पुसली. यात चुकलं कोण, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही माणसं विठ्ठलासाठीच आलेली होती.

याच देवळाच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. परंपरा सांगते, शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी घरच्या माणसांसह इथे समाधी घेतली. (पंजाबात घुमानलाही त्यांची समाधी मानतात.) वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा. आणि सुनासुद्धा: लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. एवढ्या जुन्या घरातल्या सुनांची नावं लोकांच्या तोंडी राहिली आहेत. माझ्या पणजीचं माहेरचं नाव चार पिढ्यांत गेलं.

यातली लाडाई त्या दिवशी तिथे नव्हती म्हणतात. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. म्हणून मागे राहिली.

पायरीवरून जाताना मी नामदेवांना नमस्कार करते आणि विचार करते लाडाईचा. तिला बातमी कुणी सांगितली असेल? तान्हं मूल मांडीवर घेऊन ती पंढरपूरला परत आली असेल का? आणि आली असेल तर कुठल्या घरी? तिच्या नावावर एक अभंग सांगतात. त्यात तिथी आहे आणि आपण एकटीच का उरलो हा टाहो आहे. पण त्या घरात शिरलेल्या माणसाला जे विचारावंसं वाटेल ते त्यात नाही. सासू राजाई रागावली की काय म्हणायची, तिला घरखर्चाची काळजी कशी पोखरायची, घरात कामाला असलेली जनाबाई पहाटे कितीला उठायची, हे लाडाईला ठाऊक होतं. मुलाने विचारलंही असेल. तिने सांगितलं आणि ते पुढे पोचलं नाही, की तिने पोटातच ठेवलं?

आजीने मला एक गोष्ट सांगितली होती, पणजीच्या माहेराबद्दलची. पणजीने ते घर का सोडलं आणि पुन्हा कधीच का गेली नाही, ती. सांगून झाल्यावर म्हणाली, हे पोटात ठेव. ठेवलं आहे. आता भाची फोनवर घरातल्या बायकांची नावं विचारते, गावं विचारते, मी सांगताना रेकॉर्ड करून घेते. तिला हे खरोखर हवं आहे, तिच्या आवाजावरून कळतं. गोष्ट नाहीशीच व्हावी असं आजीला वाटत असतं तर तिने मला तरी कशाला सांगितली असती? आणि सगळ्यांना कळावी असं वाटत असतं तर ‘पोटात ठेव’ का म्हणाली असती? गोष्ट कुणाची, पणजीची की आजीची, हेही मला नीट सांगता येत नाही. पणजीला तर कुणी विचारलंच नव्हतं.

भाचीला म्हटलं आहे, दिवाळीला ये, समोरासमोर बसून बोलू, तेव्हा फोन बाजूला ठेव. ती हो म्हणाली. तेव्हा तरी माझ्याच्याने सांगणं होईल का, आज कळत नाही.