उबदार जमीन आणि ओकच्या फळ्या

पावसाळ्यात फुगून अडलेले दार दिवाळीनंतर आपोआप मोकळे होते, हा अनुभव आपल्या घरीही असेल. लाकडाचा तो स्वभाव मला पुरता उमगला तो मात्र सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील मॅडिसन शहरी राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

२०१८ साली आई तिच्याकडे राहावयास गेली. तेथील हिवाळ्यात पारा कधी शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, आणि आई तर घरात चपला घालण्यास कदापि राजी नाही. तिच्या गुडघ्यांसाठी ताईने जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या बसवून घेतल्या. त्यांवर सिमेंटचा थर, आणि वर ओकच्या रुंद फळ्या. प्रारंभी आई दुपारी त्या उबेवर नुसता पदर पसरून निजे. पुढे फळ्यांच्या कडा उचलल्या. जानेवारीत तर सांध्यांना अशा फटी पडल्या की, निवडताना सांडलेले तांदूळ त्यांत दिसेनासे होत. रोज ओल्या फडक्याने जमीन पुसणारी आईच. हा नाश आपल्या हातून झाला, असे तिने मनाशी ठरवून टाकले. ती त्या खोलीत वावरेनाशी झाली आणि ‘मला आता परत पाठव’ असे म्हणू लागली.

ताईने फळ्यांसोबत आलेले सूचनापत्रक मला धाडले. ‘आईला वाचता येईल असे मराठीत करून दे.’ भाषांतर हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. तरी इतक्या दडपणाखाली मी क्वचितच लेखणी उचलली असेल.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. त्यापायी त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. रुंदी मात्र बदलते. म्हणून फळी जितकी रुंद, तितकी फट मोठी. अरुंद फळ्यांत तेच आकुंचन पुष्कळ सांध्यांत वाटले जाते. सिमेंट पूर्ण वाळलेले हवे. फळ्या बसविण्यापूर्वी नळ्या काही दिवस तापवून उरलासुरला ओलावा घालवावा लागतो. पुढेही जमिनीचा पृष्ठभाग साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये.

ताईकडे यांतले काहीच झाले नव्हते. कारागीर घाईत होता. सिमेंट ओले, आणि फळ्या थंड वखारीतून आणल्या त्याच दिवशी बसविलेल्या. नळ्या तापताच सिमेंटमधील बाष्प वर चढले, फळ्यांची खालची बाजू फुगली आणि कडा उचलल्या. पुढे हिवाळ्याच्या कोरड्या हवेत सारे लाकूड आकसले. ज्या कपाटाखाली आईचे फडके कधी पोचलेच नाही, तेथील फळ्याही तशाच वाकल्या होत्या. हे शेवटचे वाक्य पत्रकात नव्हते. ते मी पदरचे घातले. भाषांतरकाराने असे करू नये, हे मला ठाऊक आहे.

ऊब आणि लाकूड यांचा संसार मुळातच नाजूक. कोरियातील जुन्या घरांत ‘ओंडोल’ खोलीच्या दगडी जमिनीखालून चुलीचा धूर खेळवीत आणि वर तेल दिलेला कागद चिकटवीत. लाकडी जमीन असे ती ‘मारू’ नावाच्या ओसरीवजा दालनात, जेथे खाली आच नसे. ताईच्या मॅडिसनमध्येच फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाने १९३७ साली जेकब्स कुटुंबासाठी बांधलेल्या घरात जमिनीखाली तापनळ्या आहेत. तेथेही त्याने काँक्रीट उघडेच ठेवले.

भाषांतरात मी एकाच जागी अडलो. बसविण्यापूर्वी फळ्या घरातील उबदार हवेत काही दिवस नुसत्या ठेवाव्यात, अशी सूचना होती. ‘हवेशी समतोल साधू द्यावा’ असे प्रथम लिहिले आणि खोडले. मग लिहिले, ‘फळ्यांना घरात रुळू द्यावे.’

आईचा दूरध्वनी आला. कपाटाविषयी ती काही बोलली नाही. ‘रुळायला दिवस किती लागतात रे?’ एवढेच विचारले. मी म्हटले, ‘दहा धर.’

२०१९ च्या हिवाळ्याआधी अरुंद फळ्या आल्या आणि बैठकीच्या खोलीत, मधे काड्या घालून, रचून ठेवल्या गेल्या. आई रोज दिनदर्शिकेवर एक फुली मारी. आठव्या दिवशी नवा कारागीर हत्यारे घेऊन दारात उभा राहिला. ताई कामावर गेलेली. आईला इंग्रजी येत नाही. तिने त्याला दोन बोटे दाखविली, चहा पाजला आणि परत पाठविले.