अक्षर सांभाळणारी चौकट

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या भातसा धरणालगतच्या या वसाहतीत राहून शहापूर-मुरबाडकडील दप्तरांसाठी संगणकावरील नोंदवह्या रचताना पडद्यावरची बटणे-चौकोन पुरविणाऱ्या टूलकिटांची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही; कारण ज्या कारकुनाला दिवसभर खर्डी, किन्हवली, डोळखांब अशी गावे आणि तेथील शेतकऱ्यांचे अर्ज नोंदवायचे असतात, त्याचा खरा संबंध बटणांच्या झळाळीशी नसून मजकूर लिहावयाच्या लहानशा चौकोनाशी असतो.

तो चौकोन दिसतो तितका सोपा नाही. किन्हवलीतील पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ककाराच्या मागून येते, पडद्यावर मात्र तिला त्याच्या आधी उभे राहावे लागते. खर्डीतला रकार पुढच्या अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन चढतो. आणि शेतकऱ्यांतला अर्धा रकार तसा न चढता पापणीसारखा आडवा काढावा लागतो. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीत निर्मिलेले टीके हे टूलकिट शिकावयास अत्यंत सुलभ, पायथन भाषेसोबत बहुधा आयतेच मिळणारे. परंतु लिनक्सवर त्यात ही जुळणी दीर्घकाळ नव्हती, सबब तेथे किन्हवलीची वेलांटी उजवीकडेच राही.

१९९२ साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी आरंभिलेले डब्ल्यूएक्सविजेट्स प्रत्येक प्रणालीचीच साधने वापरते. म्हणजे विंडोजवर अक्षरांचा अखत्यार विंडोजकडे, लिनक्सवर जीटीकेकडे. गिंप या चित्रसंपादकासाठी जन्मलेल्या जीटीकेची अक्षरजुळणी पँगो आणि हार्फबझ करतात. त्यातही पँगोविषयी मला विशेष आदर आहे: मागे खोडण्याची कळ दाबली असता संपूर्ण अक्षर जावे की शेवटचे चिन्ह तेवढेच, हे ठरविण्यासाठी त्यात स्वतंत्र खूण राखून ठेवलेली आहे. ‘किं’वरचा अनुस्वार काढू पाहणाऱ्याचे अख्खे अक्षर पुसले जाऊ नये, एवढा विचार कोणीतरी केला.

तरीही विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींवर एकसारखे चालावयाचे काम असेल, तर माझा कौल नॉर्वेत घडलेल्या क्यूटला. ते आपली साधने स्वतः रेखाटते, हार्फबझच वापरते, आणि २००९ पासून एलजीपीएल या मुक्त परवान्याखालीही मिळत असल्याने तुटपुंज्या तरतुदीच्या दप्तरालाही परवडते. मात्र जुन्या यंत्रावरील फाँटातच आडवा रकार नसेल, तर उत्तम टूलकिटही हतबल ठरते. म्हणून अशा कामात मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट प्रोग्रामसोबतच देण्याची तजवीज मी आरंभीच करतो.