बांबूचा भाव

१ नोव्हेंबर, किनवट
१९५६ साली आजच्याच तारखेला किनवट आदिलाबादेतून निघून नांदेडात आलं. सोबत राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ. कागदोपत्री जिल्हा बदलला, पण इथल्या जंगलाचा हिशेब काढायचा तर अजून निजामाचं हैदराबादच धुंडाळावं लागतं.

४ नोव्हेंबर
दिवसभर तेच वाचत बसलो. १९२९ मध्ये निजाम सरकारने इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. खजिन्यातला पैसा त्यातून कंपन्यांच्या शेअरांत आणि कर्जांत गेला. त्या काळात बोधनला साखर कारखाना आला, वरंगळला आझमजाही मिल, १९३८ साली सिरपूर पेपर मिल. नफा शेठचा, जोखमीत मात्र दरबार भागीदार! शेवटी मीर लायक अली हे कारखानदारच १९४७ च्या अखेरीस संस्थानचे पंतप्रधान झाले. मग अर्ज कुणी करायचा आणि मंजूर कुणी, हा प्रश्नच मिटला.

पण फंडातल्या रुपयांपेक्षा मोठं भांडवल मला वाटतं आदिलाबादच्या जंगलातला बांबू. त्याच्या जिवावर कोठापेठचं कागजनगर झालं. १९४२ मध्ये तिथल्या सिरपूर मिलमध्ये कागद निघू लागला. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९४० मध्ये, त्याच जिल्ह्यात जोडेघाटला गोंडांचा नेता कोमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याचं भांडण जंगल खात्याशी होतं, गिरणीशी नव्हे, हे मान्य. तरी गोंडाने शेतापुरती जमीन साफ केली की दंड करणारं आणि गिरणीला बांबू तोडू देणारं सरकार एकच होतं.

७ नोव्हेंबर
बाजारात सूप घेतलं. बुरूडमामा म्हणाले, “गुरुजी, बांबूच परवडंना, भाव कमी कसा करू?” घासाघीस केली नाही.

घरी येऊन परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी मांडलेलं कर्नाटकातल्या दांडेलीचं प्रकरण आठवलं. १९५८ मध्ये तिथल्या कागद गिरणीला सरकारने बांबू दिला टनाला दीड रुपयाने. बुरडांना बाजारात त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. तेव्हा ना निजाम होता, ना रझाकार. आपण निवडून दिलेलं सरकार होतं.

११ नोव्हेंबर
सिरपूरची गिरणी २०१४ मध्ये बंद पडली. २०१८ मध्ये जेके पेपरने घेतली, तेव्हा तेलंगण सरकारने सवलती देऊ केल्या. कामगारांची चूल पेटली, त्याला माझी हरकत नाही. पण सवलत बुरडाच्या वाट्याला का येत नाही?

वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने बांबू वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हाती घेतले. किनवट-माहूरच्या गुड्यांनी आणि पोडांनीही, म्हणजे गोंड-कोलामांच्या वस्त्यांनीही, सामूहिक वनहक्काचे दावे नेटाने लावून धरावेत. ज्यांना हक्क मिळालाय, त्यांनी बांबूचा भाव ग्रामसभेत बसून ठरवावा, आणि त्यात गावच्या बुरडाचा वाटा आधी काढून ठेवावा.