सौताड्याचं पाणी

गेवराईच्या शिवारात धबधबा नाही. उत्तरेला गोदावरी संथ वाहते, पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडे जातो, आणि बाकी सगळी काळी जमीन, कापूस, ऊस, तूर. आमचं पाणी आडवं. उभं पाणी पाहायचं तर दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगरावर जावं लागतं.

मी दर पावसाळ्यात जातो. बीड मागं पडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. तिथून जवळच कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी कड्यावरून उतरणारी धार, उतारांवर सीताफळाची झुडपं. समाधीपाशी आवाज धारेचाच असतो, आणि माणसं नकळत हळू बोलू लागतात. पुढं पाटोद्याच्या वाटेला नायगावचं मयूर अभयारण्य. पावसाळी ढग खाली आले की तिथल्या मोरांच्या केका रस्त्यापर्यंत ऐकू येतात. गेवराईपासून सुमारे शंभर किलोमीटरवर सौताडा येतं.

सौताडा लांबून दिसत नाही. माळ असतो, बाजरी असते, उडीद असतो, आणि अचानक जमीन संपते. विंचरणा नदी त्या काठावरून खोल घळीत उडी घेते. खाली रामेश्वराचं मंदिर आहे. पायऱ्या उतरताना आधी गारवा लागतो, मग तुषार, मग आवाज. एकदा माझ्या पुढं एक म्हातारी उतरत होती. देवळाच्या दारात न थांबता ती थेट डोहाकडे गेली, धारेला हात जोडले आणि मगच महादेवाकडे वळली. मी विचारलं, तर म्हणाली, "आधी माय, मग देव." त्या दिवसापासून मीही कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी हात जोडतो.

घळीच्या भिंती नीट पाहाव्यात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यांचा हा बेसाल्ट. एक थर टणक, त्याखालचा ठिसूळ. पाणी ठिसूळ थर पोखरतं, वरच्या टणक थराचा आधार जातो, मोठे दगड कोसळतात, आणि धबधबा तसूतसूनं मागं सरकतो. आपण जिथं उभे राहतो ती घळ नदीनंच कोरलेली आहे.

पण या डोंगराची खरी थोरवी मला नकाशा उघडल्यावर कळली. एकट्या पाटोदा तालुक्यातून तीन नद्या तीन वाटांनी निघतात. सिंदफणा निघते ती मांजरथला गोदावरीला मिळते. मांजरा निघते ती लातूर, बिदर असा फार मोठा वळसा घेऊन तेलंगणात कंदकुर्तीला त्याच गोदावरीत जाते. आणि सौताड्याची ही विंचरणा गोदावरीकडे पाठ फिरवते. ती जामखेडवरून सीनेत, सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत पोचते. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एक आमच्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, दुसरा कृष्णेचा. २०१६च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं लातूरला आणावं लागलं, तेव्हा मला हाच डोंगर आठवला होता. ती मांजरा याच कुशीत जन्मते.

आता फोटोविषयी. सुरुवातीची काही वर्षं मी धबधब्याचा फोटो सगळे काढतात तसा काढला. ट्रायपॉड, लेन्सवर गडद फिल्टर, शटर अर्धा-एक सेकंद उघडं. पाणी मऊ, पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं दिसायचं. गेवराईच्या माणसाला कापसाचं काय अप्रूप! आमच्या घरांच्या ओसरीत तो आढ्याला टेकतो. बीड जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. जिथं माणसं थेंब मोजत जगतात, तिथं थेंब पुसून टाकणारा फोटो मला खोटा वाटू लागला. आता मी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास ठेवतो. मग धारेचे पदर सुटे दिसतात, कड्यावर आपटून फुटणारं पाणी फुटलेलंच दिसतं.

आणि रंग. भाद्रपदातल्या जोरदार पावसानंतर विंचरणा गढूळ होते, चहासारखी तांबूस. अनेकजण नंतर तो रंग काढून टाकतात, पाणी शुभ्र करतात. मी काढत नाही. तो रंग वरच्या माळाचा आहे, बाजरीच्या वावराचा, बांध फुटलेल्या कुणाच्या तरी शेताचा. ओल्या काळ्या खडकाची चकाकी पोलरायझरनं थोडी कमी करतो, म्हणजे भेगांतलं शेवाळ आणि नेचे उठून दिसतात. आभाळ भरलेलं असावं. ऊन पडलं की पाणी पांढरंफटक होतं आणि खडक नुसता काळा डाग.

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सनं काढलेले कृष्णधवल फोटो जगभर पाहिले जातात. १९१६ साली, चौदाव्या वर्षी, तो साधा ब्राउनी कॅमेरा घेऊन तिथं पहिल्यांदा गेला आणि आयुष्यभर जात राहिला. तिथला उंच योसेमिटी धबधबा वितळत्या बर्फावर जगतो आणि बर्फ सरलं की उन्हाळ्याच्या शेवटी बहुतेकदा आटतो. हे वाचलं तेव्हा ते दूरचे डोंगर मला सोयऱ्यांसारखे वाटले. वर्षभर न वाहणाऱ्या पाण्याची वाट पाहणं त्यांनाही ठाऊक आहे.

आमच्याकडं ही वाट पाहणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. दसरा-दिवाळीनंतर या तालुक्यांतली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. निघताना धार बारीक झालेली असते. उन्हाळ्यात ती परततात तेव्हा कडा कोरडा असतो. ज्यांच्या माथ्यावर हे पाणी जन्मतं त्यांनाच ते वर्षातले थोडे दिवस दिसतं.

म्हणून मी मे महिन्यातही जातो. त्याच जागी ट्रायपॉड लावतो, तीच चौकट धरतो. पाणी नसतं. खडकावर धारेची उभी फिकट खूण असते, आणि डोहाच्या तळाला भेगाळलेला गाळ. माझ्या घरात दोन्ही फोटो एकाच खिळ्याला, वर-खाली टांगलेले आहेत.

सौताड्याला तुम्हीही श्रावणात, भाद्रपदात जा. शेवाळलेल्या काठापासून लांब उभे राहा, तिथं घसरलेला पाय सावरत नाही. फोटो काढा. आणि एकदा मे महिन्यातही जा.